चेलोचं पहिलं वर्ष

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य; खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून, गजाने म्हणजे केस ताणलेल्या काठीने वाजवायचं. तो घरी आणायच्या आधी घरातली एक खुर्ची ठरवून ठेवा. हात नसलेली, सपाट बैठकीची. प्लास्टिकची नको; तिची बैठक मागे खोलगट असते, माणूस आपोआप रेलतो आणि वाद्य छातीपासून सुटतं. मोठ्यांना साधारण 45 सेंटिमीटर उंचीची बैठक पुरते, मुलांसाठी छोटं स्टूल शोधावं लागतं. पुढच्या अर्ध्या भागावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. मी मुलांना आणि मोठ्यांना, दोघांनाही शिकवते. पहिल्या महिन्यातल्या पाठ-खांदे दुखण्याच्या बहुतेक तक्रारी खुर्ची नाहीतर एन्डपिन नीट केली की मिटतात.

एन्डपिन म्हणजे चेलोच्या तळातून बाहेर येणारी लोखंडी दांडी. ती किती बाहेर काढायची हे उंचीच्या तक्त्यावरून ठरवू नका, बसून ठरवा. वाद्याची वरची कड छातीच्या मधल्या हाडावर टेकावी, दोन्ही गुडघ्यांनी खालच्या फुगवट्याला नुसता स्पर्श असावा आणि सी तारेची खुंटी डाव्या कानाच्या जरा मागे यावी. खुंटी मानेत घुसत असेल तर दांडी कमी पडतेय, डोक्याच्या वर जात असेल तर जास्त झालीय. जमलं की दांडीवर मार्करने खूण करा. मुलांची खूण दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक भानगड असते, ती म्हणजे गुळगुळीत फरशी. दांडीचं टोक टोकदार असो वा रबरी, व्हिट्रिफाइड टाइल्सवर ते हळूहळू पुढे सरकतं. शिकणारा नकळत दोन्ही मांड्यांनी वाद्य आवळून धरतो, तिथून ताठरपणा कमरेत आणि खांद्यात चढतो, आणि आवाज बसला की आपण दोष देतो गजाला. उपाय अगदी स्वस्त आहे. एक जाड पट्टा घ्या, एका टोकाचा फास खुर्चीच्या पुढच्या पायात अडकवा आणि दुसऱ्या टोकाच्या कडीत दांडीचं टोक रोवा. नुसती सतरंजी टाकून भागत नाही, सतरंजीसकट चेलो सरकतो.

आता आकार. चेलो पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव आणि अष्टमांश अशा मापांत मिळतो. ही नावं फसवी आहेत. अर्धा चेलो लांबीने पूर्ण चेलोच्या निम्मा नसतो. पूर्ण चेलोचं खोड (मान सोडून उरलेला लाकडी भाग) साधारण 75 ते 76 सेंटिमीटर लांब असतं, पाऊणचं 69च्या आसपास, अर्ध्याचं 65, पावचं 58. सर्वसाधारणपणे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाव किंवा त्याहून लहान, सात ते दहाला अर्धा, अकरा-बाराला पाऊण आणि पाच फुटांच्या वर उंची गेली की पूर्ण, असा हिशेब धरतात. पण वयापेक्षा हात बघा. डाव्या हाताचं पहिलं (तर्जनी) आणि चौथं (करंगळी) बोट आपापल्या जागी ठेवल्यावर तळवा ताणला जात असेल तर ते माप मोठं आहे. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून कपडे घेतो तसा चेलो घेऊ नये. मोठ्या मापावर मूल बोटं ताणून, मनगट मोडून सूर गाठायला शिकतं आणि पुढे योग्य मापाचं वाद्य मिळालं तरी ती मोड जात नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न कमी पडतो. तिथल्या अनेक शाळांत चौथी-पाचवीपासून स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा असतो आणि दुकानं वाद्य भाड्याने देऊन मूल वाढेल तसं माप बदलून देतात. आपल्याकडे बहुधा विकत घ्यावं लागतं, म्हणून लहान मापं वापरलेलीच शोधावीत.

नव्या शिकणाऱ्याच्या हाती येणारी बरीचशी वाद्यं चीनमध्ये बनलेली असतात आणि त्यात गैर काही नाही. प्लायवूडच्या चेलोचा आवाज थोडा बंद असतो, पण दमट हवेत तो भेगाळत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्या मुलासाठी पहिली दोन-तीन वर्षं मी तोच सुचवते. सबंध लाकडाचा, स्प्रूसचा दर्शनी भाग आणि मेपलची पाठ असलेला चेलो जास्त मोकळा बोलतो, पण त्याची निगा राखावी लागते. लाकूड कुठलंही असो, खोक्यातून काढून थेट वाजवायला घेऊ नका. कारखान्यातून येताना घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी, बऱ्याचदा गरजेपेक्षा उंच असते, तारा फिंगरबोर्डपासून (बोटं दाबायच्या लांब पट्टीपासून) फार वर राहतात आणि नवशिक्याचं बोट दाबूनच थकतं. व्हायोलिन-चेलो दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून घोडी घासून घ्या, खुंट्या बसवून घ्या आणि चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे स्क्रू) लावून घ्या. वाद्याच्या किमतीत हा खर्च धरूनच चालायचं. याच्याइतका फरक महागड्या तारांनीही पडत नाही.

तारा जाडीकडून बारीककडे सी, जी, डी, ए. शेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचं अंतर, त्यामुळे तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला चेलो लावणं लवकर जमतं. ए तार 220 हर्ट्झला लावायची, मग डी-ए एकत्र छेडून डी, तसंच पुढे जी आणि सी. मोबाइलवरचं ट्यूनर वापरताना नुसतं अक्षर बघू नका, सोबतचा सप्तक सांगणारा आकडाही बघा: ए3, डी3, जी2, सी2. आकडा न पाहता ‘ए’ येईपर्यंत पिळत गेलं की तार तुटते, आणि ए तार सर्वांत आधी. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवायची, कारण ती निमुळती असते आणि नुसत्या घर्षणावर टिकते. पावसाळ्यात ती फुगून अडकते, हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत आकसून सुटते. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जाऊन उतरत राहतात. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

पहिले दोन-तीन आठवडे गजाला हात न लावता नुसतं छेडणं. उजव्या हाताचा अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकवायचा आणि पहिल्या बोटाच्या मांसल भागाने तार बाजूला ओढून सोडायची. वर उचलायची नाही, ती फिंगरबोर्डवर आपटते. मोठ्या माणसांना हे पोरकट वाटतं, त्यांना लगेच गज हवा असतो. पण याच दिवसांत शरीर वाद्याशी जुळतं आणि चार तारांची जागा न बघता कळू लागते.

मग गज. मोठ्यांचा गज साधारण 70 सेंटिमीटर लांब आणि 80 ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. वाजवण्याआधी स्क्रू फिरवून केस ताणायचे, काठी आणि केसांमध्ये मध्यावर पेन्सिल जेमतेम मावेल एवढी फट येईपर्यंत. वाजवून झालं की सैल करायचे. विसरलं तर काही महिन्यांत काठीचा बाक जातो आणि तो परत आणणं सोपं नसतं. केसांना बोटं लावायची नाहीत. हाताच्या तेलाने तिथे राळ, म्हणजे केसांना चिकटपणा देणारा डिंकासारखा पदार्थ, धरत नाही आणि नेमक्या त्याच जागी गज घसरतो.

राळेची वडी नवी असेल तर तिच्यावर काचेसारखी चकाकी असते. बारीक पॉलिशपेपरने ती घालवल्याशिवाय केसांवर काहीच चढत नाही. कोऱ्या गजाला पहिल्यांदा राळ लावायला धीर लागतो, दहा-पंधरा मिनिटं सावकाश घासत राहायचं. ‘गजातून आवाजच येत नाही’ अशा तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. एकदा धरली की रोज चार-पाच हात पुरेत. पांढरी भुकटी उडत असेल आणि आवाज खरखरीत येत असेल तर राळ जास्त झाली. रोज उठताना सुक्या सुती फडक्याने तारा आणि घोडीजवळचं लाकूड पुसायचं, नाहीतर भुकटी वार्निशवर चिकटून बसते.

गज धरायला आधी पेन्सिल घ्या. अंगठा वाकवून मधल्या बोटासमोर ठेवायचा, बाकीची बोटं सैल सोडायची, मनगट हलवून बघायचं. तोच हात गजावर नेला की अंगठ्याचा कोपरा फ्रॉगच्या (गजाच्या मुळाशी केस धरून ठेवणाऱ्या ठोकळ्याच्या) आणि काठीच्या सांध्याशी बसतो, मधल्या बोटाचं टोक केसांच्या कडेला लागतं, करंगळी फ्रॉगवरच्या गोल टिकलीजवळ येते. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला राहायला हवा. तो आत मोडून ताठ झाला की सगळा तळवा कडक होतो, आणि पहिल्या वर्षात मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करते ती हीच गोष्ट. अगदी लहान मुलांना अंगठा फ्रॉगच्या खाली बाहेरून ठेवू द्यावा. काही महिन्यांनी आत घ्यायचा.

आता मोकळ्या डी तारेवर एकच गज ओढायचा, मात्र त्यात काय घडतं ते नीट बघायचं. राळ लागलेले केस तारेला धरतात, थोडं ओढतात, तार सुटते, पुन्हा धरली जाते. डी तारेवर हे सेकंदाला 147 वेळा. हे धरणं-सोडणं नियमित चाललं तरच स्वच्छ सूर लागतो. हाताचं वजन, गजाची गती आणि घोडीपासूनचं अंतर या तिघांवर ते अवलंबून असतं. वजन जास्त, गती कमी असेल तर तार सुटतच नाही आणि करकर ऐकू येते. गती जास्त, वजन कमी असेल तर केस तारेवरून घसरतात आणि आवाज हवेसारखा पोकळ येतो. घोडीच्या फार जवळ हलक्या हाताने ओढलं तर शिट्टी वाजते. नवशिक्याने फिंगरबोर्डचं टोक आणि घोडी यांच्या बरोबर मध्ये राहावं.

वजन म्हणते आहे, ते जाणूनबुजून. आवाज लहान येतोय असं वाटलं की माणूस मनगटाने गज तारेवर दाबतो, खांदा उचलला जातो, आणि दाबलेला सूर लगेच चिरडतो. हात जड असतोच. खांदा सोडून कोपरापासूनचं वजन पहिल्या बोटातून काठीवर उतरू दिलं की पुरे होतं. हे तपासायला सोपा प्रयोग आहे. गज तारेवर ठेवून उजवा हात इतका सैल सोडा की दुसऱ्या कुणी कोपर खालून उचललं तर त्याला हाताचं ओझं जाणवेल. तेच ओझं तारेवर जायला हवं. गजाच्या मुळाशी फ्रॉगचं वजन असतं म्हणून तिथे करंगळीने थोडं पेलून धरायचं. टोकाकडे गज हलका पडतो म्हणून तिथे पहिल्या बोटाकडे झुकायचं. जाड सी तारेला सावकाश गज आणि जास्त वजन, ए तारेला उलट. हाताचा कोनही तारेगणिक बदलतो: सी तारेवर उजवा हात मांडीजवळ येतो, ए तारेवर पुढे जातो आणि गजाचं टोक डाव्या गुडघ्याशी येतं. गज गुडघ्याला लागत असेल तर चेलो किंचित वळवून बघा.

आरसा उजव्या बाजूला ठेवा. गज घोडीला समांतर आहे का हे वरून बघताना कळत नाही, डोळ्यांना कोन फसवतो. नेहमीची चूक अशी: गज टोकापर्यंत ओढताना कोपर पाठीमागे जातं आणि गज तारेवर तिरका होऊन घसरतो. मध्यानंतर कोपरापासून हात उलगडायचा आणि तळवा थोडा पुढे न्यायचा, म्हणजे रेघ सरळ राहते. सुरुवातीला फक्त मधला तिसरा भाग वापरा. महिनाभराने मेट्रोनोम (ठराविक लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवून पूर्ण गजाला चार मात्रा, मग सहा, मग आठ. आठ मात्रांत आवाज न थरथरता टिकला की उजव्या हाताचा पाया झाला समजायचं. याला कंटाळून पुढे पळणारे सहा महिन्यांनी याच पायरीवर परत येतात, तेही पक्क्या झालेल्या चुका घेऊन.

डावा हात दुसऱ्या महिन्यात. पहिलं बोट म्हणजे तर्जनी, चौथं म्हणजे करंगळी. अंगठ्याला आकडा नाही. कीबोर्ड शिकलेल्या मुलांचा इथे गोंधळ होतो, कारण तिकडे अंगठा एक असतो. शिक्षक सुरुवातीला फिंगरबोर्डवर बारीक चिकटपट्ट्या लावतात. घोडीपर्यंतची तार 69 सेंटिमीटर असलेल्या पूर्ण चेलोवर त्या वरच्या टोकापासून साधारण 7.5, 11, 14.2 आणि 17.3 सेंटिमीटरवर येतात. मोजून लावल्या तरी शेवटचा निर्णय कानाचा. डी तारेवर चौथं बोट अचूक पडलं तर मोकळी जी तार आपणहून थरथरते. जी तारेवर पहिलं बोट अचूक पडलं तर ए तार. बोट केसभर इकडेतिकडे झालं तर ती थरथर थांबते आणि आवाज एकदम कोरडा होतो. हे एकदा ऐकलं की मूल स्वतःच बोट सरकवून ते शोधू लागतं. पट्ट्या सहा-आठ महिन्यांनी एकेक करून काढाव्यात, आधी तिसऱ्या बोटाची.

चार बोटं प्रत्येकी अर्ध्या स्वराच्या अंतरावर गोलाकार ठेवायची, अंगठा मागे दुसऱ्या बोटासमोर, नुसता टेकलेला. अंगठा आणि बोटांत चेलोची मान चिमटली की अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. अशा वेळी अंगठा पूर्ण काढून वाजवायला सांगते. तरीही सूर लागतो हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. तार दाबायला लागतं तेही हाताचं वजनच. नखं मात्र अगदी मुळाशी कापलेली हवीत, नाहीतर बोट आडवं पडतं.

हार्मोनियम किंवा गाणं शिकलेल्यांना एक गोष्ट सांगितली की त्यांची गाडी झपाट्याने पुढे जाते. डी म्हणजे पांढरी दोन. डी तारेला सा धरा, ए तार आपोआप पंचम होते. मग सा मोकळी तार, रे पहिलं बोट, ग तिसरं, म चौथं. ए तारेवर प मोकळी, ध पहिलं, नी तिसरं, वरचा सा चौथं. दोन्ही तारांवर बोटं तीच, हात जागचा हलत नाही आणि बिलावलचं पूर्ण सप्तक मिळतं. भूप तर हाताशीच आहे. तिसऱ्याऐवजी दुसरं बोट ठेवलं की कोमल ग आणि कोमल नी, म्हणजे काफीचे स्वर आले. पाश्चात्त्य पद्धतीत याच सप्तकाला डी मेजर म्हणतात आणि बहुतेक सगळे शिक्षक तिथूनच सुरुवात करतात. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, मात्र सोबतच शिका. चेलोसाठी बास क्लेफ (खालच्या स्वरांसाठीची खूण) लागतो आणि तो टाळत गेलं की पुढे ऑर्केस्ट्रात बसताना अडतं. गायकी अंगाच्या लोकांना मींड लगेच जमते, पण प्रत्येक स्वर घसरत गाठायची सवय आधी थांबवावी लागते. बोट थेट जागेवर पडायला शिकलं की मींड हवी तेव्हा घेता येते. हिंदुस्थानी संगीत या वाद्यावर पूर्ण ताकदीने वाजतं. रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकलेल्या नॅन्सी लेश यांनी चेलोवर ध्रुपद वाजवलं, आणि सास्किया राव-द हास यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल असा, तरफेच्या तारा असलेला चेलो घडवून घेतला.

सराव किती? सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवसातून दोनदा आठ-दहा मिनिटं, आणि आई किंवा बाबा शेजारी बसलेले. सुझुकी पद्धतीत पालकानेही वर्गात बसून शिकायचं असतं, त्यामागे हेच कारण आहे. मोठ्यांनी सलग तासभर बसण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका कराव्यात. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन तास, हा क्रम मोठ्यांच्या मनगटाला महागात पडतो.

शिक्षक ही मोठी अडचण आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची अकादमी मुलांना शिकवते, गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन. इतरत्र बऱ्याच जणांना ऑनलाइनवर भागवावं लागतं. तसं करणार असाल तर कॅमेरा समोर न ठेवता उजव्या बाजूला तिरका ठेवा, गज, घोडी आणि उजवं कोपर एका चौकटीत यायला हवं. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपमधलं नॉइज सप्रेशन बंद करा; लांब ओढलेला सूर त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो कापून टाकतं. शक्य असेल तर पहिले काही धडे तरी प्रत्यक्ष घ्या. अंगठ्यातला ताण पडद्यावर दिसत नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं. चेलोला 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैत कोकणपट्टीत ती सर्रास 80च्या वर जाते. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या अधूनमधून बदला, आणि ऊन पडेल त्या दिवशी रिकामी पेटी उघडून वारा द्या. अस्तराला बुरशी धरते ती तिथून गजाच्या केसांवर जाते. एकाएकी एखाद्या सुरावर भणभण ऐकू आली तर कडेचा सांधा उकलला असण्याची शक्यता जास्त. घाबरायचं कारण नाही. हे सांधे मुद्दाम सौम्य सरसाने जोडलेले असतात, म्हणजे लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा. कारागीर तो तासाभरात जोडतो. फेव्हिकॉल मात्र चुकूनही लावू नका. पुढच्या वेळी सांध्याऐवजी लाकूडच फाटेल.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. सतत तारा वर चढवल्या की ती फिंगरबोर्डकडे झुकते. आठवड्यातून एकदा बाजूने बघा: तारा बांधलेल्या टेलपीसकडची तिची बाजू वाद्याच्या पृष्ठाशी काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा किंचित सैल करून, दोन्ही हातांनी वरची कड धरून हळूच मागे आणायची. वाद्याच्या पोटातला साउंडपोस्ट, म्हणजे दर्शनी भाग आणि पाठ यांच्यामधली छोटी काठी, हाही असाच दाबावर उभा असतो. म्हणून तारा बदलताना एका वेळी एकच काढा. चारही एकदम काढल्या तर आत काठी पडल्याचा आवाज येईल आणि कारागिराकडे जावंच लागेल.

डी तारेवरच्या तिसऱ्या बोटाच्या आसपास, कधी जरा अलीकडे-पलीकडे, सूर गुरगुरत तुटत असेल तर तो दोष बोटाचा किंवा गजाचा नसतो. वाद्याच्या खोडाची स्वतःची कंपनं त्या स्वराशी भांडतात. चेलोच्या मापामुळे येणारा हा गुण जवळजवळ प्रत्येक चेलोत कमीअधिक असतो, स्वस्त वाद्यात जास्त ऐकू येतो. घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या जी किंवा सी तारेच्या तुकड्यावर पितळी नळी बसवून ती मागेपुढे सरकवली की तो बराच आटोक्यात येतो.

नियमित सराव झाला तर वर्ष संपताना पहिल्या पोझिशनमधली (डावा हात फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाशी ठेवून वाजणारी) सोपी गाणी, दोन-तीन मेजर सप्तकं आणि पूर्ण गजाचा स्थिर आवाज एवढं पदरात पडतं. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांची प्राथमिक परीक्षा द्यायची तर तेव्हा द्यावी. मुलांना तारीख ठरलेली असली की सराव नेटाने होतो, मोठ्यांना तिची गरज क्वचितच असते. व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून स्वर डोलवणं, मागू नका, डाव्या अंगठ्याची पकड पूर्ण सुटलेली नसताना तो नुसता थरथराट होतो. त्याआधी पहिल्या आणि दुसऱ्या बोटात पूर्ण स्वराचं अंतर घेणारा ताण आणि मग चौथी पोझिशन, हा क्रम. आणि दुसऱ्या वर्षात शिरण्यापूर्वी गजाचे केस बदलून घ्या. रोज वाजणाऱ्या गजाचे केस तोवर गुळगुळीत झालेले असतात, कितीही राळ लावली तरी तारेला नीट धरत नाहीत.